‘फिरायला जाऊ’ म्हणून नेऊ नका: सुईचा धसका घेतलेल्या मुलीची रक्ततपासणी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तापात सलाईन लावताना तिघांनी तिला धरलं आणि चौथ्यांदा टोचल्यावर शीर सापडली. तेव्हापासून दवाखान्याचं फाटक दिसलं तरी ती तुमच्या मानेला मिठी मारून किंचाळते. आता डॉक्टरांनी अशक्तपणासाठी रक्त तपासायला सांगितलंय आणि शनिवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या लॅबमध्ये जायचंय. सासूबाईंचं म्हणणं असं की तिला काही सांगू नका, कंबर तलावावर फिरायला जाऊ म्हणून न्या आणि पटकन उरकून या. तुम्हाला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही.

लहान मुलांच्या वॉर्डात सुया टोचणं हे माझं रोजचं काम आहे. तेव्हा आधी एक गोष्ट सांगते. न रडता रक्त काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय, पण रडू आलं तर येऊ द्या. चार वर्षांचं मूल टोचल्यावर रडणारच, त्यात कुणाचंच काही चुकत नाही. सांभाळायचा तो धसका. तो नुसत्या सुईचा क्वचितच असतो. तुमच्या मुलीला त्या दिवशीचं काय आठवत असेल? आपल्याला आडवं पाडलं, हातपाय दाबले, आई बाजूला उभी राहून ‘झालं झालं’ म्हणत होती आणि काही झालेलं नव्हतं. चार टोचण्यांचं दुखणं दोन दिवसांत जातं, ही आठवण जात नाही. म्हणून शनिवारी तीन गोष्टी जपायच्या: तिला खरं माहीत असावं, ती तुमच्या मांडीवर बसलेली असावी आणि दोन-चार गोष्टी तिच्या मनाप्रमाणे व्हाव्यात. पुढचं सगळं या तिन्हींसाठीच आहे.

यातलं काय जमेल हे परिस्थितीवर ठरतं. तपासणी तातडीची आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन किंवा लोह बघायचं असेल तर आठ-दहा दिवस इकडेतिकडे झाल्याने सहसा बिघडत नाही, आणि ते आठ दिवस तयारीला मिळाले तर फार उपयोगी पडतात. मूल तापाने फणफणलंय, डेंग्यूची शंका आहे, उलट्यांनी सुकलंय, अशा वेळी थांबता येत नाही. तेव्हा लवकर, नीट धरून, अनुभवी हाताने काम करायचं आणि समजूत नंतर घालायची. तुमची वेळ ती नाही, म्हणून घाई करू नका.

आता सासूबाईंच्या सल्ल्याबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे. आधी सांगितलं तर पोर दोन दिवस रडत बसेल, ही त्यांची काळजी खोटी नाही. पण फसवून नेलं तर त्या दिवशी दहा मिनिटं वाचतात आणि पुढे वर्षभर त्याची किंमत मोजावी लागते. मग ‘चल, कंबर तलावावर जाऊ’ म्हटलं तरी ती चप्पल घालणार नाही. आणखी एक हिशेब बघा. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान तिला डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा, दुसरा बूस्टर द्यायचाय, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, लस आहे. शनिवारची सुई कशी जाते यावर पुढच्या सगळ्या सुया कशा जातील हे बरंचसं ठरतं.

सांगायचं कधी, हे वयावर आहे. दोन-अडीच वर्षांच्या बाळाला निघताना सांगितलं तरी पुरे, त्याला ‘उद्या’ कळतच नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला दोन दिवस आधी सांगावं, म्हणजे प्रश्न विचारायला वेळ मिळतो. चार वर्षांच्या मुलीला आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी सांगा. झोपायच्या तोंडावर नको.

शब्दही आधी ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी तोंडात सवयीचेच येतात. मला बरा वाटतो तो मजकूर असा: ‘उद्या आपण लॅबमध्ये जाणार. तिथल्या ताई तुझ्या हातातून थोडं रक्त घेणार, तुला दमायला का होतं ते बघायला. आधी हाताला पट्टा बांधतील, तो घट्ट वाटेल. मग गार कापूस लावतील. मग एकदा टोचेल. मी पाच म्हणेपर्यंत टोचल्यासारखं वाटेल, मग कमी होईल. तू पूर्ण वेळ माझ्या मांडीवर असशील.’ एवढंच. कसं दिसेल यापेक्षा अंगाला काय जाणवेल ते सांगा, मुलं तेच धरून ठेवतात. घरात तिचा दुखण्याचा जो शब्द असेल, ‘बाऊ’, ‘टुच’, जो काही, तो वापरा. सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलतात, त्यांना ‘नोप्पि’ कळतं, आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरातल्या मुलांना ‘नोवु’. अशा मुलांच्या आईने किंवा आजीने आपल्या भाषेतच सांगावं आणि लॅबमधल्या माणसाला तो एक शब्द शिकवून ठेवावा.

काही वाक्यं मात्र घरातून हद्दपार करा. ‘काहीच होणार नाही’ हे खोटं ठरतं. ‘मुंगी चावल्यासारखं’ हे आपण सगळेच म्हणतो, पण चार वर्षांच्या पोरीला मुंगी चावली की ती अर्धा तास रडते, तिला त्याने धीर येत नाही. ‘रडलीस तर ताई मोठी सुई देतील’ आणि ‘जेवली नाहीस तर डॉक्टरांकडे नेईन’ ही दोन्ही वाक्यं वर्षानुवर्षांची भीती पेरतात, शेजारच्या काकूंनाही हात जोडून सांगा. आणि ‘घाबरू नको, घाबरू नको’ असा सतत जप केला की मुलाला उलटाच निरोप जातो. आई एवढं म्हणतेय म्हणजे नक्कीच घाबरण्यासारखं काहीतरी आहे, असं त्याला वाटतं. त्यापेक्षा तिला काहीतरी करायला सांगा: फुंकर मार, मोज, माझा अंगठा दाब.

घरच्या तयारीत सगळ्यात उपयोगी पडतो तो खेळ. मेडिकलमधून २ मिलीची एक सिरिंज आणा आणि सुई काढून तिथेच परत द्या. कापूस, थोडं पाणी, पट्ट्यासाठी केसांचा बो आणि एक चिकटपट्टी घ्या. रोज दहा मिनिटं, तीन-चार दिवस. पहिल्या दिवशी ती सिस्टर आणि बाहुली पेशंट. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेशंट. तुम्ही ‘आई गं, टोचलं’ म्हणा आणि मग फुंकर मारा, म्हणजे टोचल्यावर काय करायचं हे तिला दिसतं. तिने स्वतःहून हात पुढे केला तरच तिसऱ्या दिवशी ती पेशंट. नाही केला तर ओढू नका, बाहुलीवरच चालू द्या. हा खेळ शनिवारचं सांगण्याआधीही सुरू करता येतो, त्यासाठी तारीख कळायची गरज नाही. जमलं तर मधल्या एका दिवशी संध्याकाळी लॅबमध्ये नुसतं जाऊन या. खुर्ची बघायची, ताईंना नाव सांगायचं, घरी यायचं. ‘आज टोचायचं नाही’ असं सांगून नेलं आणि खरंच टोचलं नाही, हा अनुभव तिला एकदा मिळायला हवा.

आता दुखणं कमी करण्याबद्दल. आपल्याकडे हा भाग बहुतेकदा राहूनच जातो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण उपाय साधा आहे. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन, दोन्ही २.५ टक्के, असं एक मलम मिळतं. त्याने त्वचा बधिर होते. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. चार वर्षांच्या मुलीला एका जागेला साधारण १ ग्रॅम पुरतं, म्हणजे ट्यूबमधून साडेतीन-चार सेंटिमीटर लांबीची जाडसर रेघ. दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीवर लावा, कारण शीर कुठल्या हाताला सापडेल हे आधी सांगता येत नाही. चोळायचं नाही. जाड थर तसाच ठेवून वर पारदर्शक ड्रेसिंग किंवा स्वयंपाकघरातली चिकट प्लॅस्टिक फिल्म लावा आणि कडा टेपने बंद करा. इथे बहुतेक जण एकच चूक करतात: लॅबमध्ये पोचल्यावर मलम लावतात आणि दहा मिनिटांनी टोचतात. त्याने काही उपयोग होत नाही. पूर्ण ६० मिनिटं लागतात. मग पुसून टाका, पुढे तास-दीड तास तरी बधिरपणा राहतो.

मलम लावलेली जागा पांढुरकी पडते आणि शीर दबल्यासारखी दिसते. त्यामुळे काही तंत्रज्ञ ‘याने शीर सापडत नाही’ म्हणतात. पुसल्यावर पाच-दहा मिनिटं थांबलं की रंग परत येतो, तेवढं थांबायला सांगा. तिने फिल्म काढून चाटू नये म्हणून वर जुन्या पायमोज्याचा तुकडा किंवा लांब बाही चढवा. जखमेवर, खरचटलेल्या किंवा इसब असलेल्या त्वचेवर हे लावायचं नाही. रक्तातला जी-सिक्स-पीडीचा दोष (त्या नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता) असेल, सल्फाची औषधं चालू असतील, तर लावण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्रा बरीच कमी असते, तिथे अंदाजाने लावू नका. सांगितलेल्यापेक्षा जास्त जागेवर, जास्त वेळ लावून ठेवणं कुठल्याच वयात बरं नाही.

बर्फाबद्दल विचारतात. दंडावरच्या इंजेक्शनआधी बर्फाने जागा बधिर करायला हरकत नाही, पण रक्त काढताना नको, गारव्याने शिरा आकसतात. टोचण्याआधी पॅरासिटामॉल दिल्याने सुई दुखायची कमी होत नाही. आणि सर्दीचं, उलटीचं झोप आणणारं सिरप पाजून नेणं हे अजिबात करू नका. काही मुलं त्याने उलट चिडचिडी होतात, काहींचा श्वास मंदावतो, आणि लॅबमध्ये ते सांभाळायची सोय नसते.

शीर एका फटक्यात सापडली तर निम्मं काम तिथेच होतं, आणि त्यातला मोठा वाटा घरून येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो आणि मुलं खेळण्याच्या नादात पाणी पीत नाहीत, मग शिरा चपट्या पडतात. आदल्या दिवसापासून पाणी, ताक, सरबत देत राहा आणि सकाळी निघण्याआधी एक पेला पाणी पाजा. उपाशी ठेवायचं का, हे लॅबला फोन करून विचारा. हिमोग्लोबिनच्या साध्या तपासणीला, म्हणजे सीबीसीला, उपाशी राहावं लागत नाही, तरी ‘रक्त तपासायचंय’ म्हणून किती मुलं सकाळपासून भुकेली येतात! भुकेलेलं मूल आधीच रडकुंडीला आलेलं असतं. लोहाच्या काही तपासण्या सकाळी उपाशीपोटी मागवतात. तसं असेल तर पहिली वेळ घ्या आणि डबा बरोबर ठेवा. उन्हातून एकदम एसीच्या खोलीत बसवलं की हात गार पडतात. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल पाच मिनिटं कोपराभोवती गुंडाळला की शीर वर येते. जाताना सैल बाह्यांचा फ्रॉक घाला, घट्ट बाही दंडावर चढवताना पहिली झटापट तिथेच होते.

आता धरण्याचं. आपल्याकडे अजूनही चादरीत गुंडाळून धरतात, आणि सोलापुरी चादर तर प्रत्येक घरात असते. तान्ह्या बाळाला मऊ दुपट्यात लपेटणं वेगळं. चार वर्षांच्या पोरीला जाड चादरीत आवळून आडवं केलं की उकडतं, हलता येत नाही, वर फक्त तोंडं दिसतात. तिचा धसका तिथूनच सुरू झालेला असतो. आडवं करूच नका. तुम्ही खुर्चीत टेकून बसा, तिला तुमच्याकडे पाठ करून मांडीवर घ्या, तिचे पाय तुमच्या दोन मांड्यांच्या मध्ये हलके धरा. तुमचा एक हात तिच्या पोटावरून, मोकळा हात आत घेऊन. ज्या हातातून रक्त घ्यायचंय तो टेबलावर उशीवर सरळ. कोपराच्या खाली आणि मनगटापाशी तो हात धरायचं काम लॅबच्या मदतनीसाचं आहे, तुमचं नाही. आईचा हात मिठीचाच राहावा.

ती फारच वळवळणारी असेल तर उलटं करा: तोंड तुमच्या छातीकडे, पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, तिचा हात तुमच्या काखेतून मागे काढलेला, आणि रक्त तुमच्या पाठीमागे काढलं जातंय. तिला फक्त तुमचा खांदा दिसतो. घरी सिरिंजच्या खेळात हे बसणं दोनदा करून बघा. तिथे जाऊन पहिल्यांदा करायला गेलात तर तुमचाच हात कुठे ठेवायचा ते कळत नाही.

सुई लावताना लॅबवाल्यांना विनंती करायच्या काही गोष्टी आहेत. संकोच करू नका, चांगली माणसं ऐकतात. अ‍ॅप्रन पाहून ती बिथरत असेल तर दोन मिनिटं काढून ठेवता येईल का, असं विचारा. सुया, ट्यूब, टेप सगळं ती खोलीत यायच्या आधी तयार असावं. मुलाला बसवून ठेवून पाकिटं फाडत बसलं की त्या आवाजानेच धीर सुटतो. सुई बटरफ्लायची, म्हणजे धरायला प्लॅस्टिकचे पंख असलेली, २३ नंबरची असली तर उत्तम. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. पट्टा उघड्या कातडीवर न बांधता बाहीवरून बांधला तर चिमटा बसत नाही, आणि तो एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही. स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद वाळू द्यायचं. ओल्या स्पिरिटवरून सुई गेली की जी चरचर होते, तीच मुलांना टोचण्यापेक्षा जास्त लागते. बोटाला टोचून घेऊ का, असं कुणी विचारलं तर एक लक्षात ठेवा: बोटाच्या टोकाला संवेदना फार आणि थेंबाथेंबाने पिळावं लागतं. दोन-तीन ट्यूब भरायच्या असतील तर शीरच बरी.

आणि सर्वात महत्त्वाची विनंती, आधीच, शांतपणे: ‘दोनदा प्रयत्न करा. दोन्हीदा नाही सापडली तर दुसऱ्या अनुभवी व्यक्तीला बोलवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या दिवशी येतो.’ तातडी नसताना तिसरी-चौथी टोचणी मूल, आई आणि टोचणारा, तिघांसाठीही वाईट. तिसऱ्या खेपेपर्यंत मूल घामेजलेलं, शीर आकसलेली आणि टोचणाऱ्याचा हातही ताठरलेला असतो.

खोलीत एकच आवाज असू द्या. आपल्याकडे मुलाबरोबर आजी, आत्या, काका, ड्रायव्हर सगळे आत येतात आणि सगळे एकदम ‘ती बघ चिमणी’, ‘झालं गं’, ‘रडू नको’ सुरू करतात. मुलाला कुणाकडे बघावं कळत नाही. आत एक जण, बाकीचे बाहेर. तुम्हाला स्वतःला रक्त बघून भोवळ येत असेल तर तुम्ही बाहेर थांबा आणि वडील किंवा मावशी मांडीवर घेऊ देत. तुमच्या छातीची धडधड तिच्या पाठीला जाणवते.

लक्ष दुसरीकडे वेधायला चार वर्षांच्या मुलांसाठी फुंकर सर्वांत चांगली, कारण ती मारताना श्वास लांब सुटतो आणि अंग ढिलं पडतं. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली कागदी भिंगरी घरात असेल तर तीच घ्या, नाहीतर साबणाच्या फुग्यांची बाटली. सुई जाताना भिंगरी फिरत राहिली पाहिजे. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना खोकायला सांगतात: एकदा सरावाचा खोकला, आणि दुसऱ्या खोकल्याच्या क्षणी सुई. मोबाईलही चालतो, मात्र व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवा. ऐन टोचताना जाहिरात आली किंवा गोल गोल फिरत राहिलं की सगळं संपतं. मोबाईल टोचायच्या हाताच्या विरुद्ध बाजूला धरा आणि त्यातलं काहीतरी विचारत राहा. रडणं सुरू झाल्यावर मोबाईल दाखवून उपयोग होत नाही, तो आधीपासून चालू हवा.

सगळीच मुलं नजर वळवणारी नसतात. काहींना सुई बघायचीच असते, आणि डोळे झाकले की ती जास्त घाबरतात. तिलाच विचारा, ‘बघायचंय की भिंगरी फिरवायची?’ असेच आणखी पर्याय द्या: डावा हात की उजवा, मोजायचं मी की तू, पट्टी कुठल्या रंगाची. ‘आता टोचू का?’ असं मात्र विचारू नका. ती नाही म्हणणार, आणि नाही म्हटल्यावरही टोचलं की तिचं बोलणं खोटं पाडल्यासारखं होतं. ‘झालं’ हा शब्द सुई खरोखर बाहेर आल्यावरच उच्चारायचा, आधी कधीही नाही.

शनिवारी दहाची वेळ धरली तर सकाळ अशी जाईल. आठला नाश्ता आणि पाणी, जर उपाशी ठेवायचं नसेल तर. पावणेनऊला दोन्ही कोपरांवर मलम, वर फिल्म, लावल्याची वेळ हातावर पेनाने लिहून ठेवा. साडेनऊला निघताना भिंगरी, बाहुली आणि पाण्याची बाटली पिशवीत. पावणेदहाला लॅबच्या बाहेर मलम पुसायचं आणि हात गार असतील तर कोमट रुमाल. आत गेल्यावर आधी तुम्ही बसा, मग ती मांडीवर, मग पट्टा. सुई आत असण्याचा वेळ मिनिटभरही नसतो.

एक गोष्ट लॅबला नक्की सांगा, जर तुमच्या मुलीचं तसं होत असेल तर: रडता रडता श्वास अडकून ओठ निळे पडणं. सहा महिने ते पाच-सहा वर्षांच्या काही मुलांचं असं होतं. बघणाऱ्याचा जीव जातो, पण मूल बहुतेकदा मिनिटाच्या आत आपोआप श्वास घेतं. तोंडावर पाणी मारू नका, हलवू नका, कुशीवर झोपवा आणि थांबा. असं वारंवार होणाऱ्या मुलांमध्ये लोहाची कमतरता बऱ्याचदा आढळते, म्हणून तुमच्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं. आणि श्वास मिनिटात परत आला नाही, अंग ताठ होऊन झटके येत राहिले, तर तातडीने मदत मागा.

सुई निघाल्यावर कापूस दोन मिनिटं दाबून धरा, हात सरळ ठेवून. कोपर दुमडून बसवायची सवय आहे, पण दुमडल्याने रक्त आत झिरपून निळं पडतं. चोळूही नका. सासूबाईंना काळजी वाटेल, ‘एवढं रक्त काढलं पोरीचं’. त्यांना सांगा, दोन-तीन मिली म्हणजे चहाच्या चमच्याने साधारण अर्धा चमचा. पंधरा किलोच्या मुलीच्या अंगात लिटरभराहून जास्त रक्त असतं. घरी आल्यावर त्यांना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, मीठ-मोहऱ्या ओवाळून ‘संपलं आता’ असं आजीच्या तोंडून ऐकलं की पोरीलाही ते संपल्यासारखं वाटतं. फक्त ‘भ्याली गं माझी बाय’ असं म्हणू नये.

कौतुक नेमकं करा. ‘तू रडली नाहीस, शहाणी’ असं म्हटलं तर पुढच्या वेळी रडू आलं की ती स्वतःलाच वाईट समजेल. ‘तू हात किती स्थिर ठेवलास, पाचपर्यंत भिंगरी फिरवलीस’ हे म्हणा. रडली असेल तरी यातलं काहीतरी तिने केलेलं असतंच. खाऊ किंवा बागेतला झोका आधी कबूल केला असेल तर रडली तरी द्या. रात्री झोपताना त्या दिवसाची गोष्ट एकदा तिच्याकडूनच ऐका. ती म्हणेल, ‘खूप टोचलं.’ हो म्हणा, आणि मग विचारा, ‘मग तू काय केलंस?’ तिने सांगितलेलं उत्तर तिच्या लक्षात राहील. दोन दिवस ती बाहुलीला टोचत बसली तर थांबवू नका.

एवढं करूनही ती खुर्चीपाशी पोचेपर्यंत हातपाय झाडू लागली आणि तपासणी तातडीची नसेल, तर उठा आणि घरी या. रागावून नको, ‘आज आपण ताईंना भेटलो, पुन्हा येऊ’ असं म्हणून. मग बालरोगतज्ज्ञांशी बोला. काही मुलांना दोन-तीन भेटींत हळूहळू सवय करावी लागते, आणि फारच असेल तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांची मदत होते.

शेवटचं दुखणं चिकटपट्टीचं असतं आणि ते सगळे विसरतात. हातावरची लव ओढली गेली की संध्याकाळी पुन्हा भोकाड पसरतं. आंघोळीच्या आधी पट्टीच्या कडांना खोबरेल तेल लावून पाच मिनिटं ठेवा, आणि ओढून काढायचं काम तिच्याच बोटांना करू द्या, तिला लागेल तेवढा वेळ घेऊन.